निर्णय घेणाऱ्यांची यादी

(ई-मेल)
पुणे, १० फेब्रुवारी २०२५

हरिओमदादा,

फोन केला की तू "काम कर, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस, म्हणून मेल करते. मेल तू नीट वाचतोस, असं शीतलवहिनी म्हणाली.

आई मला सारखी विचारते, तू नेमकं काय काम करतेस. तिला सांगता येत नाही, तुला सांगून बघते. आमची 'डिजिटल चौकी' नावाची बातम्यांची वेबसाइट आहे. कुठल्या कंपनीचे कंप्युटर कुणी फोडले, चोर कुठून शिरले, काय काळजी घ्यायची, एवढंच त्यात असतं. वाचणारे फार नाहीत, पण जे वाचतात ते आपापल्या कंपनीत "हे सॉफ्टवेअर घ्या, ते नको" असं ठरवणारे असतात. जाहिरातवाल्यांना गर्दी नको असते, हे ठरवणारे हवे असतात. आम्ही एक अहवाल फुकट वाचायला देतो आणि त्याआधी फॉर्म भरून घेतो. नाव, कंपनी, पद, फोन, काय काय अडचणी आहेत ते. फॉर्म भरलेल्यांची यादी जाहिरातवाल्यांकडे जाते. ती विकायचं काम माझं. ऐकायला कसंतरी वाटतं ना? मलाही पहिले दोन महिने वाटलं.

या महिन्यात मला लहान शहरांतल्या कारखान्यांमधले साठ 'निर्णय घेणारे' द्यायचे आहेत. एक्केचाळीस झालेत. माझी नोकरी अजून कच्ची आहे. साठ झाले तर पक्की करू, असं भार्गवी मॅडमनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, बोलून दाखवलंय. तू तुमच्या बियाण्याच्या प्लांटमध्ये कंप्युटर बघतोस ना? मग भर की फॉर्म. फक्त पदाच्या रकान्यात 'आयटी हेड' लिही. 'टॅग छापणारा' लिहिलंस तर आमची मशीनच तुला बाहेर काढेल.

तुमच्या घरात भाचीला नाही म्हणत नाहीत, हे मामांचंच वाक्य. मी फक्त आठवण करून देते.

तुझी,
अर्पिता


(ई-मेल)
जालना, १२ फेब्रुवारी

अर्पिता,

मला आयटी हेड होऊन आज दोन दिवस झाले. एमआयडीसीत अजून कुणाला खबर नाही. माझी खुर्ची तीच आहे, एक हात मोडलेली, आणि पोत्यांवरच्या टॅग छापायचं मशीन आजही तीनदा अडकलं.

खरं सांगू, आधी टाळणार होतो. आपण नाही ते लिहायचं म्हणजे हात अडखळतो. पण परवा संध्याकाळी गावी पिंपळगावला गेलो तेव्हा आईला सांगितलं. आई म्हणाली, "अर्पीचं काम हाय ना? मंग जल्दी करून टाक की. आपल्यापायी पोरीची नोकरी अडून राह्यली तं तोंड कसं दाखवायचं तिच्या मायला?" तुझ्या आईचं माहेर म्हणजे आमचं घर, तेव्हा आमच्या आईपुढे बोलायची सोय नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत भरून टाकला.

पद एवढं खोटं लिहिलं, म्हटलं बाकीचं तरी बराबर लिहावं. कंप्युटर किती, सात. सर्व्हर किती, एक. व्हायरसपासून संरक्षणाचा परवाना कधी संपतो, तर डिसेंबरात संपला, नवा घेतलेला नाही, केशव साहेबांकडे तीनदा अर्ज ठेवला. (केशव साहेब म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण अर्जावर चहाचा कप ठेवतो.) बॅकअप कुठे ठेवता, तर सर्व्हरलाच जोडलेल्या डब्यात. 'तुमची सर्वात मोठी काळजी' असा एक रकाना होता. तिथे लिहिलं की सीझनमध्ये सर्व्हर बंद पडला तर एक पोतं गेटबाहेर जाणार नाही. तुला मार्क चांगले पडावेत म्हणून सगळं तपशिलात लिहिलंय.

झाले का साठ? कळव.

हरिओमदादा


(ई-मेल)
पुणे, ५ मार्च

दादा,

त्रेसष्ट झाले! नोकरी पक्की. आईनं गल्लीत पेढे वाटले आणि विचारणाऱ्याला "कंप्युटरच्या चौकीवर आहे" असं सांगितलं. अर्ध्या गल्लीला मी पोलिसात गेले असं वाटतंय.

तुझा फॉर्म भार्गवी मॅडमनी मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. नाव झाकलं होतं. "असा वाचक पाहिजे," म्हणाल्या, "कुठे दुखतंय ते स्वतःच सांगतो." सगळे हसले. मीही हसले, मग जरा वाईट वाटलं, मग जेवायची सुट्टी झाली.

प्रत्येक नावापुढे 'फोन करून खात्री केली' अशी खूण करावी लागते. त्रेसष्ट जणांना कोण फोन करणार? मी सगळ्यांपुढे खूण केली. तुझ्यापुढे करताना तेवढं बरं वाटलं, तुला तरी मी ओळखते.

आता तुला जाहिरातवाल्यांचे फोन येतील. घाबरू नकोस. "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं, मोठे आयटी हेडही तेच म्हणतात.

अर्पिता


(ई-मेल)
जालना, २८ एप्रिल

अर्पिता,

फोन येतात. दिवसाला तीन-चार. बेंगळुरूवाले इंग्रजीत बोलतात, मी "येस, येस, नेक्स्ट इयर" म्हणतो आणि ते "थँक्यू सर" म्हणतात. अकरा वर्षं झाली मला इथे. हरिओम म्हणतात, नाहीतर "ओ कंप्युटर" अशी हाक मारतात. सर कुणी म्हटलं नव्हतं. शीतलनं एक फोन ऐकला, तेव्हापासून घरी सुरू आहे, "सर, कोथिंबीर आणता का सर?" हसतो, पण खोटं कशाला बोलू, कानाला बरं लागतं.

लिहायचं कारण वेगळं. सुमित नावाचा एकजण आठवड्यापासून फोन करतोय. हिंदी बोलतो, फार अदबीनं. आमचा परवाना डिसेंबरात संपला, हे त्याला माहीत आहे. बॅकअपची पद्धत चुकीची आहे, हेही त्यानंच सांगितलं, आणि ते खरंच आहे. म्हणतो, सीझनभर आमचं सॉफ्टवेअर फुकट वापरून बघा, पटलं तर घ्या. मी आमच्याकडून परवानगी दिली की तो दुरूनच आत येऊन बसवून देईल.

केशव साहेबांना विचारायला गेलो. फोनवर होते. म्हणाले, "फुकट आहे तर टाक की. प्रत्येक गोष्ट मला काय विचारतोस?" म्हणजे आता निर्णय माझ्यावर आला.

हा सुमित तुमच्याकडचाच ना? तू हो म्हणालीस तर टाकून घेतो. नाहीतर राहू दे.

हरिओमदादा


(ई-मेल)
पुणे, २९ एप्रिल

हो दादा, आमच्याकडचाच असेल. मीटिंगमध्ये आहे. वहिनीला आणि मामींना नमस्कार.

अर्पिता


(पोस्टाने)
जालना, ९ जून

अर्पिता,

पोस्टानं पत्र आलेलं बघून नवल वाटेल. माझा फोन आणि घरचा लॅपटॉप सायबर पोलिसांनी तपासाला नेलाय. शीतलचा फोन आहे, पण या विषयावर फोनवर बोलू नका असं वकील म्हणाले. हे पान पोरीच्या वहीतलं आहे, मागे मराठीचा गृहपाठ आहे, तो वाचू नकोस.

२२ मेला सकाळी आठला प्लांटवर गेल्तो. कंप्युटर लावला तर पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर. शेजारच्या टेबलावर तोच. सातही कंप्युटरवर तोच. सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली पाहिजे असेल तर खंडणी द्या, अशा अर्थाचं होतं. सर्व्हर बंद, बॅकअपचा डबा त्यालाच जोडलेला, त्यालाही कुलूप. सुमितचा नंबर लावला. तो नंबर अस्तित्वात नाही असं बाई सांगत होती. मी तो नंबर सात-आठ वेळा लावला असेन.

तुला आमचं काम माहीत नाही म्हणून सांगतो. सोयाबीनच्या पोत्यावर लॉट नंबर आणि उगवणशक्तीचा आकडा छापलेली टॅग शिवल्याशिवाय पोतं गेटबाहेर जात नाही. लॉट नंबर सर्व्हरमध्ये, उगवणशक्तीचे अहवाल सर्व्हरमध्ये. गोदाम छतापर्यंत भरलेलं आणि त्यातलं कुठलं पोतं कुठल्या लॉटचं, हे कुणी सांगू शकत नव्हतं. लॅबवाल्यांनी पुन्हा नमुने काढून पुन्हा उगवायला घातले. दाणा आपल्या वेळेनंच उगवतो, त्याला जल्दी म्हणून चालत नाही. ट्रक एमआयडीसीच्या रस्त्यावर ओळीनं उभे. अठरा दिवसांनी काल पहिली गाडी गेली.

मला वाटलं होतं मी रडेन, किंवा कुणावर तरी ओरडेन. काही झालं नाही. जेवतो, झोपतो, बोलावलं की प्लांटवर जाऊन बाकावर बसतो. शीतल म्हणते, "आवं, काहीतरी बोला तरी."

आता मुद्द्याचं. केशव साहेबांचा आणि पोलिसांचा प्रश्न एकच आहे. परवाना संपलाय आणि बॅकअप कुठे ठेवतात, हे बाहेरच्या माणसाला कसं कळलं? हे फक्त मला आणि साहेबांना माहीत होतं. म्हणजे मीच चोरांना सांगितलं, त्यांच्यात माझा हिस्सा आहे, असा त्यांचा संशय. फॉर्मचं मी अजून सांगितलेलं नाही. नुसतं तोंडी सांगून कोण ऐकणार, आणि सांगितलं की पुढचा प्रश्न, तू आयटी हेड कधी झालास आणि कुणाच्या सांगण्यावरून. तुझं नाव घेतलेलं नाही.

तुमच्या ऑफिसकडून एक कागद पाहिजे. हरिओम यांनी फेब्रुवारीत आमच्या वेबसाइटवर फॉर्म भरला, त्यातली माहिती आम्ही जाहिरातदारांना दिली, एवढं दोन ओळींत. सही आणि शिक्का. पद खोटं लिहिल्याबद्दल जे बोलणं बसेल ते खाईन, पण चोरांचा साथीदार नाही, हे तरी त्यानं कळेल. ३० जूनला कंपनीची चौकशी आहे. त्याच्या आत पोचायला पाहिजे.

घरी आईला यातलं काही माहीत नाही. तुझ्या आईलाही सांगू नकोस.

हरिओमदादा


(स्पीड पोस्टाने)
पुणे, १८ जून

दादा,

पत्र मिळून सहा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

शोधलं मी. सुमित नावाचा कुणी जाहिरातदार आमच्याकडे नाही. त्रेसष्ट जणांची यादी चार जाहिरातदारांना आणि एका मध्यस्थाला गेली. मध्यस्थानं ती पुढे कुणाकुणाला दिली, ते तो सांगत नाही. मध्यस्थाची चौकशी करायचं काम माझं होतं. मार्चअखेरची गडबड होती, मी त्याच्यापुढेही खूण करून टाकली होती. आणि तू विचारलंस तेव्हा मी शोधलं नव्हतं. बघितलंच नव्हतं. समोर मॅडम बोलत होत्या आणि टेबलाखाली मी तुला उत्तर दिलं.

तुझं पत्र घेऊन मी भार्गवी मॅडमकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं, शांतपणे वाचलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "कागद देता येणार नाही. एकाला दिला तर त्रेसष्ट जणांना द्यावा लागेल." मी म्हटलं, तो माझा मामेभाऊ आहे. त्या म्हणाल्या, "मग तर अजिबातच नाही. निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत तू घरचे लोक घातलेस, हे आपण लिहून द्यायचं का?"

अजून एक. त्यांनी विचारलं, तुझ्याकडून लेखी काही गेलंय का. मी २९ एप्रिलच्या मेलचं सांगितलं. त्या म्हणाल्या की तो मेल बाहेर आला तर पहिली मी जाईन आणि माझ्या मागे कुणी उभं राहणार नाही.

दादा, बाबा गेल्यापासून घर माझ्यावर आहे, हे तुला माहीत आहे. तो मेल तुझ्याकडे अजून असेल आणि पोलिसांनी पाहिला नसेल, तर काढून टाकशील का? त्यानं तुझा काही फायदाही होणार नाही. 'असेल' एवढंच मी लिहिलंय.

हे मी लिहितेय, यावर माझा विश्वास बसत नाही. पण लिहून झालंय.

अर्पिता


(पोस्टाने)
जालना, २४ जून

अर्पिता,

मेल काढून टाकला. शीतलच्या फोनवरून माझं खातं उघडलं आणि काढला. ती विचारत होती, "काय करून राह्यले?" म्हटलं, जागा भरली होती, साफ करतोय. जुने मेलही थोडे काढले, नाहीतर तिला संशय आला असता. पोलिसांनी मेल पाहिल्याचं अजून तरी कुणी बोललेलं नाही.

तू चौकशी न करता उत्तर दिलंस, हे कळलं. आता माझी बाजूही ऐक, मागच्या पत्रात मी ती गाळली होती. सुमितनं तुझं नाव कधीच घेतलं नव्हतं. पहिल्याच फोनला मीच विचारलं, "अर्पिता मॅडम के यहाँ से?" तो जरासा थांबला आणि म्हणाला, "हाँ हाँ सर, उन्होंने ही आपका नंबर दिया." तिथेच मी निम्मा विरघळलो. आपल्या माणसाकडून आलेला माणूस म्हणून त्याच्याशी बोलत गेलो. पिंपळगाव कुठे, तू माझी कोण लागतेस, आईला तुझी किती काळजी, हे सगळं त्याला सांगितलं. शेवटी शेवटी तो विचारायचा, "माताजी कैसी हैं?" चोराला आईची तब्येत सांगणारा आयटी हेड दुसरीकडे कुठे सापडेल, सांग. हे पोलिसांनाही सांगितलं नाही, लाज वाटते.

परवा गेटवर मच्छिंद्रकाका भेटले. आपल्या शेताला लागून शेत आहे त्यांचं. बियाण्याचं बुकिंग होतं, मिळालं नाही, गावात पेरण्या सुरू झाल्या म्हणून दुसऱ्या कंपनीचं घ्यायला जालन्याला आल्ते. मला बघून थांबले.

"का रं हरिओम, तुला न्हाई का आत घेत आता?"

"चौकशी चालू हाय काका."

"गावात लोक बोलून राह्यले. म्हणत्यात, तूच चोराला चावी देल्ती."

"न्हाई काका."

"मी बी त्येच म्हनलो. द्वारकाबाईचं पोरगं असं करायचं न्हाई म्हनलो." मग म्हणाले, "बिलकुल न्हाई ना?"

मी "बिलकुल न्हाई" म्हटलं. ते गेले. पुढे जाऊन एकदा वळून बघितलं त्यांनी.

कागद येत नाही हे कळलं. ३० तारखेला बघतो काय होतं ते. तू काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो, पण कर थोडी.

हरिओमदादा


(स्पीड पोस्टाने)
पुणे, २८ जुलै

दादा,

३० जूनला काय झालं, हे मी महिनाभर विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या साइटवर बातमी आली होती, 'मराठवाड्यातल्या बियाणे कंपनीवर सायबर हल्ला'. कंपनीचं नाव नव्हतं, पण सात कंप्युटर, एक सर्व्हर, ऐन सीझन, सगळं होतं. तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच मी ती वाचली होती आणि मला कळलं होतं. तेव्हाही मी फोन केला नाही. यंदा सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तीच. तिच्या शेजारी एक जाहिरात होती, 'तुमच्या कारखान्यात असं होऊ नये म्हणून'. ती जागा मी विकली. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. शेजारी बसणारी मुलगी बातमी वाचून "बिचारा" म्हणाली. मी "हं" म्हटलं आणि पुढचा फोन लावला.

मला वाटायचं, असं काही केलं की माणसाला झोप लागत नाही. मला लागते. डबा खाते, आईशी मालिकेवर बोलते. हाताला मुंग्या येऊन हात बधिर होतो ना, चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं सगळीकडे झालंय. गेल्या आठवड्यात एका नव्या जाहिरातदाराला यादी पाठवली. पाठवून झाल्यावर सहज वर-खाली केली तर बाविसाव्या ओळीत तू होतास. आयटी हेड, जालना. तुझं नाव काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत बसले आणि तरीही काही वाटलं नाही. त्याची मात्र भीती वाटली.

तू तुझ्याकडचा मेल काढलास. माझ्याकडचा मी काढला नव्हता. तुझा २८ एप्रिलचा प्रश्न आणि माझं उत्तर एकाच कागदावर आलंय. तुझा फॉर्म आणि मध्यस्थाला यादी पाठवल्याची नोंदही छापून घेतली आहे. असे तीन कागद माझ्याकडे आहेत. ८ तारखेला शुक्रवारी संध्याकाळी इथून निघते. शनिवारी राखी आहे, ती बांधते, आणि सोमवारी तू आणि मी केशव साहेबांसमोर बसू. मी त्यांना सगळं सांगणार आहे. मॅडमना राजीनामा पाठवून मगच गाडीत बसेन, म्हणजे परत फिरायला नको. आईला सांगितलं. तिनं तुझ्याकडे न्यायला शेव-चिवडा करायला घेतला.

अर्पिता


(स्पीड पोस्टाने)
शहागड, २ ऑगस्ट

अर्पिता,

येऊ नकोस. राजीनामाही पाठवू नकोस. आधी हे वाच.

३० जूनला केशव साहेबांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक पोलिसांत द्यायची पुरवणी तक्रार, त्यात साथीदार म्हणून माझं नाव. दुसरा माझ्याकडून लिहून घ्यायचा. 'मी कुणालाही न विचारता, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीनं अनोळखी माणसाला कंपनीच्या कंप्युटरमध्ये येऊ दिलं. चूक सर्वस्वी माझी आहे. मी नोकरी सोडत आहे.' दुसऱ्यावर सही केली तर पहिला फाडू, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही "टाक की" म्हणालात. ते म्हणाले, "मी असं कधी म्हटलं? लेखी आहे का?" लेखी काही नव्हतं. मी सही केली. त्यांनी कागद उलटा करून पुन्हा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "माझं नाव कुठे येत नाही ना, एकदा बघून घे." बघून घेतलं. पहिला कागद त्यांनी फाडला. दुसरा त्यांच्या कपाटात आहे.

आता तू तीन कागद घेऊन गेलीस तर माझी सही खोटी ठरते. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, असं मी लिहून दिलंय, आणि तुझा कागद सांगणार की बहिणीला विचारून केलं. मग साहेब म्हणतील, हा तेव्हाही लपवत होता, आणि पहिला कागद पुन्हा टाइप होईल. तुझी नोकरी जाईल ती वेगळीच. वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, आता जे आहे ते हलवू नका. जूनमध्ये एक कागद आला असता तर पुरला असता. आज तिन्ही चालत नाहीत.

मी शहागडला आहे. हायवेवर ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, तिथे येणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि ड्रायव्हरांची नावं वहीत लिहितो. कंप्युटर आहे, पण त्याला मी हात लावत नाही, मालकही लाव म्हणत नाही. शनिवारी घरी जातो. आईला सांगितलंय की इथला पगार बरा आहे. तिनं मान हलवली. तिला काय आणि किती कळलंय, ते मी विचारत नाही.

तुझा राग आलाय का, हे तू एकाही पत्रात विचारलं नाहीस. आला नाही. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. सहीच्या दिवशी घरी आलो, पोरगी धावत आली, तिला उचललं, आणि एखादं पोतं उचलल्यासारखं वाटलं. वजन कळलं, बाकी काही कळलं नाही. पुढे होईल कमी. शीतल म्हणते, होईल.

राखीला तू आलीस तर मी पाटावर बसेन, हात पुढे करीन, तू बांधशील. आई बघत असेल. आणि मला काहीच वाटणार नाही. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण तुला ते हाताला हात लागल्यावर लगेच कळेल. म्हणून यंदा नको.

हरिओमदादा